नवे टायर घेण्यापूर्वी जुने टायर नीट पाहा
वाहन-सल्ला : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आमच्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी पाच आसनी एसयूव्ही आहे. तिचे मूळ टायर २१५/६० आर १७ या मापाचे असून चार वर्षांत ४१,००० किलोमीटर चालले आहेत. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने अगदी गुळगुळीत झाले आहेत, बाहेरच्या कडेला मात्र बऱ्यापैकी नक्षी दिसते. मागच्या दोन टायरवर निम्म्याच्या आसपास नक्षी शिल्लक आहे. केज, मांजरसुंबा, बीडमार्गे छत्रपती संभाजीनगरला नियमित जाणे, सणावाराला आई-वडिलांसह तुळजापूर किंवा पंढरपूर आणि आठवड्यातून एकदा पांदण रस्त्याने शेतावर, असा आमचा वापर आहे. एक दुकानदार २२५ मापाचे ‘ऑल टेरेन’ (कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांसाठीचे) टायर घ्या म्हणतो, तर दुसरा एका कंपनीचे नाव घेऊन ‘हा लाखभर किलोमीटर चालतोच’ असे सांगतो. एकदा घेतल्यावर पाच-सहा वर्षे पाहावे लागू नये, असे टायर कोणते? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची माहिती आपण जाता जाता दिली आहे. टायर आतल्या कडेने गुळगुळीत आणि बाहेरच्या कडेला शाबूत असेल, तर तो चालून संपलेला नसतो. चाकांची ठेवण, म्हणजे अलाइनमेंट, बिघडल्यामुळे घासून संपलेला असतो. चपलेची झीज पाहून माणसाची चाल ओळखता येते, तसे जुन्या टायरवरून गाडीचे दुखणे कळते. दोन्ही कडा गेल्या आणि मधला पट्टा राहिला, तर हवा कायम कमी होती; मधलाच पट्टा गेला, तर ती जास्त होती; एकच कड गेली, तर अलाइनमेंट बिघडलेले होते; आणि परिघावर जागोजागी खळगे पडले असतील, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बुश (सांध्यांतले रबरी भाग) आणि बॅलन्सिंग (चाकाचा तोल) यांच्याकडे पाहावे लागते. आपल्या गाडीत तिसरा प्रकार घडलेला दिसतो. शिवाय पुढच्या आणि मागच्या टायरच्या झिजेत इतका फरक आहे, त्या अर्थी चार वर्षांत टायरची अदलाबदल बहुधा झालेलीच नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढण्याचे आणि वळवण्याचे सगळे काम आणि ब्रेकचा मोठा भार पुढच्याच दोन टायरवर येतो, त्यामुळे जागा न बदलल्यास ते मागच्यांपेक्षा कितीतरी आधी संपणार, हे ठरलेलेच आहे.

तेव्हा टायरच्या दुकानात जाण्याआधी गाडी रॅम्पवर घेऊन टाय-रॉड एंड, बॉल जॉइंट आणि लोअर आर्मचे बुश हे चाकांना धरून ठेवणारे सांधे तपासून घ्यावेत. बुश ढिले असताना केलेले अलाइनमेंट पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतच टिकते, हे कोणताही प्रामाणिक मिस्त्री सांगेल. ही तपासणी न करता आपण कितीही महाग टायर बसवले, तरी तेही आतल्याच कडेने संपतील आणि आपण दोष कंपनीला द्याल.

आता मापाविषयी. २१५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६० म्हणजे त्या रुंदीच्या साठ टक्के इतकी बाजूच्या भिंतीची उंची, आर म्हणजे रेडियल आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यापुढे आपल्या टायरवर ९६ एच असे काहीसे लिहिलेले असेल. ९६ या भारांकाचा अर्थ योग्य हवा असताना तो टायर ७१० किलो भार पेलतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंतची क्षमता. आपण त्या वेगाने जाणार नाही हे खरे, पण मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा किंवा कमी वेगाक्षराचा टायर केवळ स्वस्त मिळतो म्हणून कधीही घेऊ नये, कारण उष्णता सहन करण्याची क्षमता या अक्षराशी जोडलेली असते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिचीच परीक्षा होते.

२२५/६० आर १७ घेतल्यास चाकाचा व्यास ६९० मिलिमीटरवरून सुमारे ७०२ मिलिमीटर होतो, म्हणजे पावणेदोन टक्क्यांनी वाढतो. स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवू लागतो, स्टीअरिंग किंचित जड होते, इंधन थोडे अधिक लागते आणि पूर्ण वळण घेताना किंवा भरलेली गाडी खड्ड्यात आपटल्यावर टायर चाकावरच्या कमानीतील अस्तराला घासण्याची शक्यता निर्माण होते. या सगळ्याच्या बदल्यात आयुष्य वाढते का, तर रुंदीमुळे वाढत नाही. गाडी रुंद टायरवर भारदस्त दिसते आणि दुकानदाराचे बिल मोठे होते, एवढाच त्यातला निश्चित लाभ. गाडीच्या माहितीपुस्तकात पर्यायी माप दिले असेल तरच ते घ्यावे.

ऑल टेरेन टायरच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. हे टायर वाईट नाहीत. त्यांची नक्षी खोल असते, बाजूची भिंत सहसा अधिक जाड असते आणि दगडगोट्यांच्या रस्त्यावर ते कापले जाण्याचे प्रमाण कमी असते. ज्यांची गाडी रोज खडी केंद्रावर, धरणाच्या कामावर किंवा डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावर जाते, त्यांनी ते जरूर घ्यावेत. परंतु आपला बहुतेक प्रवास डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर होतो. तिथे ऑल टेरेनचे मोठे ठोकळे आवाज करतात, इंधन अधिक खातात, ओल्या डांबरावर चांगल्या हायवे टायरइतकी पकड सहसा देत नाहीत, आणि हवा किंवा अलाइनमेंट जरा बिघडले की ओबडधोबड झिजतात. राहिला प्रश्न पांदण रस्त्याचा. पावसाळ्यात आपल्याकडची काळी माती एकदा चिकटू लागली की चार-दोन फेऱ्यांतच टायरच्या सगळ्या खाचा भरून जातात, आणि मग हायवे काय नि ऑल टेरेन काय, दोघांचाही गुळगुळीत लाडू होतो. आठवड्यातून एकदाच शेतावर जायचे असेल, तर चिखलाच्या दिवसांत गाडी डांबरी रस्त्यावर लावून उरलेले अंतर चालत जाणे हाच टायरला आणि क्लचला परवडणारा उपाय आहे. चिखलातून गाडी आणलीच, तर रिमच्या आतल्या बाजूला बसलेली माती धुऊन काढावी; ती वाळून कडक झाली की चाकाचा तोल बिघडतो आणि ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरू लागते. पुष्कळजण तेव्हा विनाकारण बॅलन्सिंगचे पैसे मोजतात.

‘लाखभर किलोमीटर चालतोच’ या वाक्याला आधार कसला असतो, तेही पाहू. काही टायरच्या भिंतीवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे ३२०, ४००, ५०० असा आकडा असतो. ही अमेरिकेतील पद्धत आहे. टेक्सास राज्यातील सॅन अँजेलो येथील सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरावीक मार्गावर टायर फिरवले जातात, एकूण साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास चालवून त्यांची झीज १०० गुण असलेल्या प्रमाण टायरशी ताडली जाते आणि पुढील आयुष्याचा अंदाज बांधून कंपनी स्वतःच आपल्या टायरला आकडा देते. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करताना हा आकडा उपयोगी पडतो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आकड्यांची तुलना मात्र फसवी ठरते. आपल्याकडे मोटारीच्या टायरला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे, तेवढे नसेल तर टायरला हातही लावू नये. रस्त्यावर फिरताना टायरला होणारा रोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवणारे एआयएस-१४२ हे मानकही नव्या रचनेच्या टायरना १ ऑक्टोबर २०२२ पासून लागू झाले. टायर किती किलोमीटर चालेल, हे मात्र या दोन्हींत कुठेच मोजले जात नाही. म्हणून दुकानदाराच्या शब्दाला लेखी हमीची जोड आहे का, हे विचारावे. बहुतेक हमी निर्मितीतील दोषांसाठी असते आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते. टायर लवकर झिजला तर पैसे परत, असा तिचा अर्थ नसतो.

लांब आयुष्याची एक किंमतही असते. रबराचे मिश्रण कठीण ठेवले की टायर अधिक चालतो, पण बहुधा ओल्या रस्त्यावरची पकड कमी होते. पहिल्या पावसात डांबरावरची धूळ, तेल आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेली माती यांचा जो निसरडा थर होतो, त्यावर ब्रेक दाबावा लागलेला कोणीही माझ्याशी सहमत होईल. आई-वडिलांना मागे बसवून घाट उतरायचा असेल, तर मी स्वतः सर्वांत कठीण टायरच्या मागे न लागता, हायवे प्रकारातील, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेला मध्यम मिश्रणाचा टायर घेईन आणि आयुष्य हवेने व अलाइनमेंटने वाढवीन. अपोलोची अ‍ॅप्टेरा, एमआरएफची वाँडरर, ब्रिजस्टोनची ड्यूएलर, योकोहामाची जिओलँडर या एसयूव्हीसाठीच्या परिचित मालिका आहेत. परंतु यांत एकाच नावाखाली हायवे आणि ऑल टेरेन असे दोन्ही प्रकार येत असल्याने केवळ नावावर न जाता पुढची अक्षरे आणि प्रत्यक्ष नक्षी पाहावी. आपल्या मापात कोणता प्रकार उपलब्ध आहे आणि अंबाजोगाई, लातूर किंवा बीड येथे कोणत्या कंपनीचा अधिकृत विक्रेता तक्रार ऐकून घेतो, यावर निवड केली तरी चालेल. नामांकित कंपन्यांतील फरकापेक्षा आपल्या चार वर्षांतील दुर्लक्षाने झालेले नुकसान मोठे आहे.

किमतीचा हिशेब नगाने न करता किलोमीटरने करावा. उदाहरणादाखल, ९,००० रुपयांचा टायर ६०,००० किलोमीटर चालला तर किलोमीटरला १५ पैसे पडतात. ७,००० रुपयांचा ३५,००० किलोमीटरवर संपला तर २० पैसे. मोटारींच्या नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दरपत्रकावर भाव सांगितला जात नाही ना, याची खात्री करून घ्यावी. बिल पक्केच घ्यावे आणि त्यावर प्रत्येक टायरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, कारण त्याशिवाय पुढे हमीचा दावा उभा राहत नाही.

टायरच्या भिंतीवर लांबट चौकटीत चार अंक असतात. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे १८२५ असे लिहिले असेल, तर तो टायर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यात तयार झाला. सहा महिन्यांच्या आतला मिळाला तर उत्तम, वर्षाच्या आतलाही चालेल, त्याहून जुन्यावर चांगली सूट मिळत असली तरी पाच-सहा वर्षांचा विचार करणाऱ्याने तो घेऊ नये. वाळूजला गुडइयरचा कारखाना असल्याने संभाजीनगरात त्या कंपनीचे टायर ताजेच मिळतात, असा एक समज आहे. टायर कारखान्यातून थेट दुकानात येत नाहीत, त्यामुळे तिथेही हे चार अंकच वाचावेत.

चारही टायर एकदम बदलणे आपल्याला मी सुचवीन, म्हणजे पहिल्या दिवसापासून अदलाबदलीचा क्रम लावता येईल. खर्च झेपत नसेल आणि दोनच घ्यायचे असतील, तर नवे टायर मागे बसवावेत आणि मागचे जुने पुढे आणावेत. दुकानात याच्या उलट सांगितले जाते, पण ओल्या रस्त्यावर मागची चाके आधी घसरली तर गाडी गोल फिरते आणि ती सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यात राहत नाही. पुढे दर आठ ते दहा हजार किलोमीटरला पुढची दोन चाके सरळ मागे आणि मागची दोन फुलीने पुढे आणावीत. नक्षीवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर अदलाबदल त्याच बाजूला पुढे-मागे करावी. अलाइनमेंट त्याच वेळी तपासावे, आणि रस्त्यावरच्या मोठ्या खड्ड्यात चाक जोरात आपटले तर पुढच्या वेळेची वाट पाहू नये.

हवेचा दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेल्या पट्टीवर दिलेला असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा हा कमाल दाब असतो, तो भरायचा नसतो. त्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी वेगवेगळे आकडे असतात. तुळजापूरला पाच माणसे, मागे सामान आणि वर कॅरियर अशी गाडी निघणार असेल, तर भरलेल्या गाडीचा दाब ठेवावा. टायर अकाली संपण्याची जी कारणे मी पाहतो, त्यांत चुकीचा दाब हे सर्वांत साधे आणि सर्वांत जास्त आढळणारे कारण आहे.

प्रश्न : जालन्याहून समृद्धी महामार्गाने नागपूर आणि मुंबईकडे जाणे आता नेहमीचे झाले आहे. उन्हाळ्यात या रस्त्यावर टायर फुटतात म्हणून काहीजण हवा कमी ठेवायला सांगतात, तर काहीजण नायट्रोजन भरा म्हणतात. नेमके काय करावे? – एक वाचक, जालना

उत्तर : हवा कमी ठेवण्याचा सल्ला धोकादायक आहे, आणि दुर्दैवाने तो पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आहे. टायर फुटण्याचे मुख्य कारण वाढलेला दाब नसून वाढलेली उष्णता असते. हवा कमी असली की टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकते, त्या वाकण्यातून उष्णता निर्माण होते, रबर आणि आतील तारांचे थर यांची पकड सुटत जाते आणि अखेर टायर फाटतो. साध्या रस्त्यावर गावे, गतिरोधक आणि चहाची टपरी यांमुळे टायरला विश्रांती मिळत असते. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर मोटारींना सपाट भागात ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे, रस्ता काँक्रीटचा आहे आणि तासन्‌तास वेग उतरत नाही, त्यामुळे एरवी खपून गेलेली चार-पाच पीएसआयची (पीएसआय हे हवेचा दाब मोजण्याचे एकक) कमतरता तिथे अंगाशी येते.

तापमान साडेपाच अंशांनी बदलले की दाब साधारण एक पीएसआयने बदलतो. डिसेंबरच्या पहाटे बारा अंशांत बरोबर भरलेली हवा मेच्या दुपारी बेचाळीस अंशांत पाच पीएसआयने जास्त दिसेल, आणि मेमध्ये भरलेली डिसेंबरात तितकीच कमी. म्हणून ऋतू बदलताना दाब नव्याने जुळवावा, आणि तोही गाडी निदान तीन तास उभी असताना, सकाळी घरून निघण्यापूर्वी. शंभर किलोमीटर आल्यावर पंपावर मोजून ‘हवा वाढली’ म्हणून ती सोडून देऊ नये. टायर थंड झाल्यावर ती कमीच भरेल. पंपावरचे मीटर अनेकदा चुकीचे असते, तेव्हा स्वतःचा प्रेशर गेज घेणे हा या विषयातला सर्वांत स्वस्त आणि उपयुक्त खर्च आहे.

नायट्रोजनने नुकसान काहीच नाही. तो कोरडा असतो आणि किंचित हळू झिरपतो. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि तापल्यावर दोन्हींचा दाब जवळपास सारखाच वाढतो. फुकट मिळत असेल तर भरावा. त्याच्या शोधात कमी हवेवर गाडी चालवत राहू नये. वेग शंभरवर ठेवला, तर इंधन आणि टायर या दोघांचेही आयुष्य वाढते, हेही सांगून ठेवतो.

प्रश्न : आमची गाडी सात वर्षांत फक्त २३,००० किलोमीटर चालली आहे. नक्षी जवळजवळ नव्यासारखी दिसते. टायर बदलण्याची गरज आहे का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : नक्षी हे एकच माप धरल्यास गरज नाही, पण रबर उभ्या गाडीतही जुने होते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे ते कडक होत जाते आणि नक्षीच्या तळाशी व बाजूच्या भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. कायद्याने नक्षीची किमान खोली १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांमधील लहान उंचवटे तीच पातळी दाखवतात. ही अट आपले टायर सहज पूर्ण करतील, तरीही ते सुरक्षित असतीलच असे नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, असे टायर कंपन्याही सांगतात. आपली गाडी उघड्यावर उन्हात उभी राहत असेल आणि भेगा दिसत असतील, तर यंदाच बदला. बंद गॅरेजमध्ये असेल आणि रबर मऊ असेल, तर गावातल्या गावात आणखी काही काळ वापरता येतील, पण समृद्धीसारख्या वेगाच्या रस्त्यावर मी ते नेणार नाही. स्टेपनीवरची तारीखही त्याच वेळी वाचावी, कारण तिचे वय तेवढेच झालेले असते.

प्रश्न : वेड्या बाभळीच्या काट्यांमुळे ट्यूबलेस टायर वारंवार पंक्चर होतो. आत ट्यूब टाकावी का? – एक वाचक, हिंगोली

उत्तर : टाकू नये. ट्यूबलेस टायरच्या आतला पृष्ठभाग ट्यूबसाठी बनवलेला नसतो. घर्षणाने ट्यूब तापते आणि पंक्चर झाल्यावर हवा हळूहळू न जाता एकदम जाते. रबरी पट्टी घालून बाहेरून काढलेले पंक्चर हा वेळ निभावण्याचा उपाय समजावा. सवडीने टायर रिमवरून उतरवून आतून छत्रीच्या आकाराचा पॅच लावून घ्यावा, कारण कमी हवेवर गाडी चालली असेल तर भिंतीची झालेली हानी आतूनच दिसते. टायरच्या खांद्यावर (नक्षी आणि भिंत यांच्यामधल्या कडेवर) किंवा बाजूच्या भिंतीवर छिद्र असेल, अथवा भिंतीला फुगा आला असेल, तर दुरुस्ती करू नये, टायर बदलावा. शेतातून आल्यावर टायरमध्ये रुतलेले काटे दिसले, तर घरी लगेच ओढून काढण्याऐवजी साबणाच्या पाण्याने हवा जाते का ते पाहावे, आणि बुडबुडे आले तर काटा तसाच ठेवून पंक्चरवाल्याकडे जावे.